चिवावाच्या पिल्लाची टाळू: तपासायची कशी, जपायची कशी आणि काय अजिबात करायचं नाही

चिवावा या इवल्याशा जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की दोन-चार दिवसांत कुणाचं तरी बोट त्याच्या डोक्यावर थबकतं. कपाळ संपतं तिथून जरा मागे, बरोबर मधोमध, एक मऊ जागा लागते, खाली हाडच नाहीये असं वाटतं, आणि मग घरात गोंधळ. कोणी म्हणतं आजारी पिल्लू गळ्यात मारलं, कोणी म्हणतं कॅल्शियम कमी आहे, आणि आजी तेलाची वाटी घेऊन येते, कारण बाळाची टाळू तेलानेच भरतात ना. आमच्याकडे चिमी आली तेव्हा हे सगळं झालं. जिथून पिल्लू घेतलं त्यांनीच फोनवर कॅल्शियमचं सिरप सांगितलं, "भरून येईल महिन्यात" म्हणाले, आम्ही दिलं, तिला बद्धकोष्ठ झालं, तिने खाणं सोडलं, आणि पाऊण किलोच्या पिल्लाने एक वेळ जरी खाल्लं नाही तरी रक्तातली साखर उतरते, तशी ती उतरली आणि ती झिंगल्यासारखी चालायला लागली. आम्हाला वाटलं मेंदूचंच काहीतरी झालं. मेंदूचं काहीच नव्हतं, आम्हीच केलं होतं ते.

तेव्हापासून नवीन चिवावा घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला मी हेच परत परत सांगत आलेय, म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवते.

सुरुवातीला एवढंच डोक्यात ठेवा. या जागेला मोलेरा म्हणतात, आणि ती टाळूच आहे, कवटीची पुढची आणि बाजूची हाडं जिथे एकत्र येतात तिथली न मिटलेली फट. बाकीच्या बहुतेक जातींत ती पिल्लू लहान असतानाच मिटते. चिवावात ती बऱ्याचदा उघडी राहते, कधी पाच-सहा महिन्यांपर्यंत लहान होत जाते, कधी जन्मभर तशीच. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी ५० चिवावांच्या कवट्या सीटी स्कॅनमध्ये बघितल्या तर ४६ जणांत एक तरी फट उघडी होती, आणि ती फक्त डोक्याच्या मध्यावर नाही, बाजूला आणि मागेही होती. म्हणजे "टाळू आहे म्हणजे आजारी" हे चूक. पण "टाळू आहे म्हणजे अस्सल जात" हे विकणारे सांगतात तेही चूकच, अमेरिकन केनेल क्लबचं स्टँडर्ड टाळू असली-नसली दोन्ही चालते म्हणतं आणि एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेचं स्टँडर्ड उघड्या टाळूचा कुत्रा शोमधून बाद करतं, तेव्हा तो काही अस्सलपणाचा शिक्का नाही. नुसत्या खड्ड्यावरून फार कमी कळतं. खड्डा, पिल्लाचं वागणं, आणि महिनाभरात दोन्हीत पडलेला फरक, हे तिन्ही शेजारी ठेवून बघितलं तर कळतं. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

टप्पा १: पिल्लू आणायच्या आधी

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. आपल्याकडे २०१७ च्या श्वान प्रजनन आणि विक्रीच्या नियमांप्रमाणे ते विकायलाच परवानगी नाही, आणि चिवावात तर हे आणखी महत्त्वाचं, कारण या वयाच्या आत पिल्लू स्वतः नीट खातंय का, नीट चालतंय का हेच धड कळत नाही, मग डोक्यात काही गडबड असेल तर ती दिसणार कुठून. "टीकप" वगैरे शब्द वापरून ज्यादा पैसे सांगितले तर सरळ निघून या, तशी वेगळी जात नाहीये, सगळ्यात किरकोळ पिल्लाला दिलेलं ते नाव आहे आणि डोक्यात पाणी होणं, साखर उतरणं हे त्रास बारीक पिल्लांनाच जास्त होतात.

पिल्लू बघायला जाल तेव्हा भावंडांच्या शेजारी बघा. एकाचंच डोकं बाकीच्यांपेक्षा खूप मोठं आणि अंग मात्र सगळ्यात लहान असेल तर तो गोडवा नाही, थांबून विचार करायची गोष्ट आहे.

घरी आधीच आणून ठेवायचं ते असं: ग्रॅम दाखवणारा किचनचा वजनकाटा, शिंप्याची टेप, पांढरा शिवणाचा दोरा, स्टीलची छोटी पट्टी, एक वही, डिजिटल थर्मामीटर, मध किंवा साधी ग्लुकोज पावडर, आणि गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस. हार्नेस आत्ताच घ्या, "मोठी झाल्यावर बघू" नको, कारण पट्टा ओढला गेला की या जातीच्या नाजूक श्वासनळीवर ताण येतो आणि गळ्यावर दाब आला की डोक्यातला दाबही वाढतो.

टप्पा २: आधी डोळ्यांनी, हात नंतर

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. पिल्लू हातात आलं की पहिलं बोट टाळूवर जातं. पिल्लू बिचकतं, अंग आक्रसतं, आणि मग ते मुळात कसं चालतं-बघतं हे बघायची संधीच जाते. त्यापेक्षा पहिले दहा मिनिटं जमिनीवर चटई टाकून सोडा आणि नुसतं बघा, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या, पुढे डॉक्टरांना दाखवायला तोच सगळ्यात उपयोगी पडतो.

काय बघायचं: सरळ रेषेत चालतंय का, की एकाच बाजूला गोल गोल फिरतंय. बोलावलं, टाळी वाजवली तर मान वळवतंय का. कापसाचा बोळा डोळ्यांसमोरून खाली टाकला तर नजर त्यामागे जाते का (कापूसच घ्या, त्याचा आवाज होत नाही). दोन्ही डोळे सरळ बघतायत का, की बाहेर आणि खाली वळलेले आहेत आणि बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसतोय. कोपऱ्यात जाऊन भिंतीला डोकं टेकवून उभं राहतंय का.

चिवावाचे डोळे मुळातच मोठे आणि जरा लांब लांब असतात, तेवढ्यावरून घाबरू नका. दोन्ही डोळे कायम खाली-बाहेर वळलेले असतील तर मात्र ते वेगळं, ते डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा.

थांबा आणि तपासा: वरच्यापैकी एकही खटकलं असेल तर पुढचा टप्पा घरी करत बसू नका. थेट डॉक्टर.

टप्पा ३: बोटाने तपासणी

जेवण झाल्यावर, पेंगुळलेलं असताना करा. हात धुऊन, कोमट करून घ्या. जमिनीवर मांडी घालून बसा आणि पिल्लू मांडीत घ्या, खुर्चीवर बसून नको, कारण उडी मारायला त्यांना सेकंद पुरतो.

एक. डाव्या हाताने हनुवटीखाली नुसता आधार द्या, घट्ट धरायचं नाही.

दोन. उजव्या हाताच्या तर्जनीचा पेर, नख नाही, दोन डोळ्यांच्या मध्ये ठेवा आणि केसांच्या दिशेने मधल्या रेषेवरून सावकाश मागे सरकवा.

तीन. कपाळाचा घुमट चढला की एका जागी हाडाची कड संपल्यासारखी वाटेल. तिथे थांबा. वजन बोटाचं स्वतःचं असतं तेवढंच, डोळ्याची पापणी मिटून तिच्यावर बोट ठेवतो तेवढं हलकं.

चार. कडेकडेने बोट फिरवून आकार समजून घ्या, बहुतेक वेळा तो पतंगासारखा चौकोनी किंवा गोलसर असतो. मध्ये बोट घालून खोली बघायची नाही, खोली असा प्रकार बघण्यासारखा नसतोच.

पाच. नंतर दोन्ही कानांच्या वर आणि डोक्याच्या मागच्या बाजूलाही हलकेच बोट फिरवा. तिथेही मऊ जागा लागल्या तर वहीत लिहा, डॉक्टरांना आवर्जून सांगा. हेलसिंकीच्या त्याच अभ्यासात जास्त आणि मोठ्या फटी असलेल्या कुत्र्यांमध्ये कवटीच्या मागच्या भागाचे आणि मणक्यातल्या मज्जारज्जूचे त्रास जास्त दिसले होते. तो त्रास घरी कसा दिसतो तर मानेजवळ हवेतच पायाने खाजवणं, उचललं की किंचाळणं, मान वळवायला नको म्हणणं.

चांगली टाळू सपाट असते किंवा किंचित आत, मऊ, आणि पिल्लू शांत असताना शांत. हलकासा ठोका जाणवला तरी ते आपोआप वाईट नसतं. पिल्लू शांत असूनही जागा वर फुगलेली, ताणलेल्या फुग्यासारखी लागली तर ते चांगलं नाही. आणि खूपच आत गेलेली वाटली, सोबत हिरड्या कोरड्या, लघवी कमी, जुलाब चालू असं असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय, तोही डॉक्टरांचाच विषय.

सावधान: रोज तपासू नका. भरली का, भरली का करत घरातला प्रत्येकजण बोट लावतो, पाहुण्यांनाही "इथे हात लावून बघा" म्हणतात, कृपा करून हे बंद करा. पंधरा दिवसांतून एकदा, एकाच माणसाने, बस. साधं डोक्यावरून हात फिरवणं, लाड करणं मात्र बिनधास्त चालू ठेवा, डोक्याला हात लागायची भीती पिल्लाला बसायला नको.

टप्पा ४: मोजणं आणि लिहिणं

हा टप्पा लोक कंटाळून सोडतात आणि मग चार महिन्यांनी डॉक्टर विचारतात "आधीपेक्षा मोठी झालीय का" तेव्हा कुणालाच सांगता येत नाही.

दोरा टाळूवरून आडवा अलगद ठेवा, हाडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिमटीत पकडा, उचलून पट्टीवर मोजा, मिलीमीटरमध्ये लिहा. तसंच उभं. पट्टी डोक्यावर टेकवू नका, तिची कड टोचते. "एक रुपयाएवढी", "हरभऱ्याएवढी" असं लिहू नका, हरभरे सारखे नसतात.

मग टेपने डोक्याचा घेर, भुवयांच्या वरून आणि कानांच्या पुढून, दर वेळी त्याच जागी. आणि वजन, सकाळी खाण्याच्या आधी. वजन मात्र पंधरा दिवसांनी नाही, पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा तरी, आणि अगदी लहान, अशक्त पिल्लू असेल तर रोज.

वहीत ओळ अशी: तारीख, वय आठवड्यांत, वजन ग्रॅममध्ये, टाळू आडवी-उभी, घेर, आणि शेवटी एक वाक्य वागण्याबद्दल. हे शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. चिमीच्या वहीत एका ठिकाणी "आज नाव ऐकून आली" आहे आणि डॉक्टरांनी सगळे आकडे सोडून त्यावर बोट ठेवलं होतं.

अर्थ कसा लावायचा: टाळू तेवढीच किंवा कमी होतेय, वजन चढतंय, पिल्लू शिकतंय, तर छान चाललंय, टाळू बुजो न बुजो. टाळू रुंदावतेय किंवा घेर झपाट्याने वाढतोय आणि वजन जागेवरच, तर पुढच्या पंधरवड्याची वाट बघायची नाही. एक-दोन मिलीमीटर इकडे-तिकडे दोऱ्यामुळेच होतं, त्यावर झोप उडवून घेऊ नका, लागोपाठ तीन नोंदी कुठल्या दिशेला जातायत ते बघा.

टप्पा ५: डॉक्टरांकडे, आणि काय विचारायचं

पहिली भेट पिल्लू आल्यापासून चार-पाच दिवसांत, लसीकरण आणि जंताच्या औषधासोबत. तिथे स्वतःहून सांगा की टाळू उघडी आहे, वही आणि व्हिडिओ दाखवा. लस टाळूमुळे पुढे ढकलायची नसते, ही एक विचित्र अफवा आहे.

वागण्यात काहीच खटकत नसेल तर बहुतेक डॉक्टर लक्ष ठेवा म्हणतील आणि ते बरोबर आहे. खटकत असेल तर विचारा, "टाळूतून सोनोग्राफी करता येईल का?" हाडातून अल्ट्रासाऊंड नीट जात नाही, पण टाळू उघडी असली की ती खिडकीसारखी उपयोगी पडते, आणि पिल्लाला बहुधा भूलही द्यावी लागत नाही. एमआरआयला भूल लागते आणि खर्चही खूप, म्हणून क्रम असा: आधी तपासणी आणि रक्तातली साखर, मग सोनोग्राफी, मग गरज पडली तर एमआरआय किंवा सीटी. उलटा क्रम लावून लोक पहिल्याच दिवशी एमआरआय कुठे होतो ते शोधत फिरतात. जवळच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहे, आणि मुंबई, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे फोन करून पिल्लाच्या डोक्याची सोनोग्राफी करणारं कोणी आहे का ते आधी विचारून घ्या, मगच प्रवास करा.

सोनोग्राफीत मेंदूतल्या पोकळ्या जरा मोठ्या आहेत असं आलं तर लगेच रडारड नको. चिवावात मोठ्या पोकळ्या असूनही काहीही त्रास नसलेले कुत्रे भरपूर असतात, चांगला डॉक्टर रिपोर्टवर नाही तर समोरच्या पिल्लावर उपचार करतो. डोक्यात पाणी होणं, म्हणजे हायड्रोसिफॅलस, आणि सोबत लक्षणं असतील तर दाब कमी करणारी औषधं, स्टेरॉइड वगैरे देतात, आणि औषधांनी भागलं नाही तर डोक्यातून पोटात पाणी नेणारी नळी बसवायचं ऑपरेशन असतं. स्टेरॉइड चालू असेल तर बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, हे फार धोक्याचं आहे.

शी-शूची शिस्त लागायला बाकीच्यांच्या मानाने फारच वेळ लागणं हेही हायड्रोसिफॅलसचं एक लक्षण असतं. पण चिवावा मुळातच याबाबतीत वेळ घेतात, तेव्हा एवढ्या एकाच गोष्टीवरून निष्कर्ष काढू नका.

आता तेल आणि कॅल्शियम. टाळूवर तेल घालून हाड वाढत नाही. पिल्लू ते चाटतं, केस चिकट होतात, आणि चोळण्याच्या निमित्ताने रोज दाब पडतो, तोटाच सगळा. आजीला दुखवायचं नसेल तर तिला पिल्लाला भरवायचं काम द्या, आमच्याकडे तसंच केलं, आणि तिचा हात तेव्हापासून चिमीच्या पोटापाण्याकडे वळला. कॅल्शियमचं तर, पपी फूड नीट चालू असेल तर त्यात लागतं तेवढं असतं, टाळू उघडी राहते ती कॅल्शियम कमी पडून नाही, आणि वाढत्या पिल्लाला वरून जास्तीचं कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढच बिघडू शकते. डॉक्टरांनी रक्त बघून लिहून दिलं तर द्या, दुकानदाराने किंवा शेजाऱ्याने सांगितलं म्हणून नको.

टप्पा ६: घर सुरक्षित करणं

घरभर कुशन लावायची गरज नाही, डोक्यावर काही पडेल किंवा डोकं आपटेल अशा जागा तेवढ्या बघा. पिल्लाच्या उंचीवर, म्हणजे शब्दशः जमिनीवर बसून, एकदा घरात नजर फिरवा.

झोपाळा किंवा बंगई असेल तर तो नंबर एकचा धोका आहे, त्याची कड बरोबर पिल्लाच्या डोक्याच्या उंचीला येते. पिल्लू मोकळं असताना झोपाळा बांधून ठेवा. ओट्याच्या कडेला भांडी नकोत, लाटताना पिल्लू पायात नको. दिवाण आणि सोफ्याला पायरी किंवा उतार लावा आणि तो वापरायला शिकवा, नुसता लावून उपयोग नाही. गादीवर सोबत झोपवू नका, निदान वर्षभर तरी. दारं वाऱ्याने आपटणार नाहीत असा अडसर लावा.

लहान मुलांचा नियम एकच, पिल्लू उभ्याने उचलायचं नाही. मूल आधी जमिनीवर बसणार, मग पिल्लू मांडीत येणार. मोठ्यांनी उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पार्श्वभागाखाली. गणपतीत किंवा कुठल्याही गर्दीच्या दिवशी घरात पंधरा पोरं धावत असताना पिल्लू आतल्या खोलीत, दार बंद करून, "कुणालाच काही करत नाही ती" हे इथे लागू नाही, धोका तिलाच आहे.

स्कूटरवर पायाशी किंवा मांडीत बसवून नेऊ नका. रिक्षाने, बंद पिशवीत किंवा पिंजऱ्यात न्या. आणि मोठ्या कुत्र्याशी खेळ, तो कितीही प्रेमळ असला तरी, नको. लॅब्रॅडॉर नुसता प्रेमाने पंजा टाकतो आणि तेवढा पुरतो.

टप्पा ७: खाणं, कारण साखर उतरली की ते मेंदूसारखंच दिसतं

टाळूच्या लेखात खाण्याचं कशाला असं वाटेल, पण लडखडणं, झोपाळलेलं दिसणं, थरथरणं, फिट, ही साखर उतरल्याचीही लक्षणं आहेत आणि टाळू बघून घाबरलेला माणूस पहिल्यांदा मेंदूकडेच धावतो. आमचं नेमकं हेच झालं.

तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार-पाच वेळा खायला द्या, रात्रीचं शेवटचं झोपायच्या अगदी आधी. थंडीत आणि एसीत उबेची सोय ठेवा, गारठलेल्या पिल्लाची साखर लवकर उतरते.

पिल्लू अचानक ढिलं पडलं, थंड लागलं, तोल जातोय, तर: आधी ऊब द्या. मग बोटाला मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी लावून हिरड्यांना चोळा. गिळता येत असेल, शुद्धीत असेल तर थोडं चाटवा. पाच-दहा मिनिटांत तरतरी आली की लगेच थोडं नेहमीचं खाणं द्या, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवाच. तरतरी आली नाही तर मध चोळत-चोळतच निघा.

सावधान: बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात चमच्याने पाणी, दूध, काहीही ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. आणि शुगर-फ्री सिरप, शुगर-फ्री च्युइंगम घरात असेल तर लेबल वाचा, झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला विष आहे, साखर आणखी खाली आणतं.

टप्पा ८: डोक्याला मार लागला तर

एक. उचलून कवटाळू नका, हलवून जागं करू नका. गळ्यात काही असेल तर सोडवा.

दोन. पाट किंवा मोठा पोळपाट शेजारी ठेवून पिल्लू त्यावर आडवंच सरकवा. पाटाच्या डोक्याकडच्या बाजूखाली घडी केलेला टॉवेल घाला म्हणजे अख्खा पाट थोडा तिरका होईल. मानेखाली उशी देऊ नका, मान वाकली की गळ्यातल्या शिरा दाबल्या जातात.

तीन. टाळूवर बर्फ दाबू नका, मलम नाही, तेल नाही.

चार. घरातली दुखण्याची गोळी, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, काहीही नाही. एवढ्याशा जिवाला गोळीचा तुकडासुद्धा घातक ठरू शकतो.

पाच. निघण्याआधी फोन करा, "चिवावा आहे, टाळू उघडी आहे, डोक्याला मार लागलाय" या तिन्ही गोष्टी सांगा. तिथे गेल्यावर रक्त काढायची वेळ आली तर मानेच्या शिरेतून नको, पायातून घेता येईल का ते विचारा, मान दाबून धरली की डोक्यातला दाब वाढतो.

दोन मिनिटांनी उठून शेपटी हलवायला लागलं तरी दाखवून या. सूज यायला तास जातात. पुढचे दोन दिवस बाहुल्या सारख्या आहेत का, उलटी, एकाच बाजूला कलणं, नाकातून-कानातून रक्त किंवा पाणी, यावर नजर ठेवा, आणि पहिल्या रात्री दर दोन तासांनी हळूच हाक मारून जागं होतंय ना ते बघा.

टप्पा ९: फिट आली तर

घड्याळ बघा, हे सगळ्यात पहिलं. फिटमध्ये तीस सेकंद पाच मिनिटांसारखे वाटतात. दुसऱ्याला व्हिडिओ काढायला सांगा, दिवे-टीव्ही बंद करा, आजूबाजूच्या टोकदार गोष्टी सरकवा. तोंडात बोट, चमचा, रुमाल घालू नका, कुत्रा जीभ गिळत नाही, तुमचं बोट मात्र चावलं जाईल. आणि आपल्याकडची ती चप्पल आणि कांदा हुंगवायची पद्धत, ती कृपया नको, त्याने फिट थांबत नाही, त्यात वेळ जातो, आणि कांदा पोटात गेला तर कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात.

थांबल्यावर हिरड्यांना मध चोळा, कारण साखर उतरून आलेली फिट असू शकते. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा एका दिवसात दोनदा आली तर मध्यरात्र असली तरी निघायचं. एकदाच येऊन थांबली तरी दुसऱ्या दिवशी दाखवायचं.

टप्पा १०: पिल्लू दुसऱ्याच्या हातात देताना

नसबंदी किंवा दातांसाठी भूल द्यायची वेळ येते तेव्हा टाळू उघडी आहे एवढ्यावरून ऑपरेशन रद्द करायचं कारण नसतं, पण डॉक्टरांना आठवण करून द्या, फाईलमध्ये लिहिलंय असं धरून चालू नका. लोक इथे मोठ्या कुत्र्याचा नियम लावून आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवतात, लहान चिवावात त्यानेच साखर उतरते. किती तास उपाशी ठेवायचं ते वजन सांगून नेमकं विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागा. ऑपरेशननंतर उबेची काय सोय आहे तेही विचारा. टाळू खूप मोठी असेल किंवा डोक्यात पाणी असल्याचं निदान झालं असेल तर पिल्लं काढू नका, कितीही मागणी असू दे.

ग्रूमरकडे, म्हणजे कुत्र्यांची आंघोळ-केस करणाऱ्याकडे, टेबलावर एकटं सोडायचं नाही आणि ड्रायर मंद ठेवायचा हे आधीच बोलून घ्या. गोचिडाचं थेंबाचं औषध खांद्यांच्या मधोमध, आजच्या वजनाप्रमाणे, डोक्यावर नाही.

बोर्डिंगला, शेजाऱ्यांकडे, माहेरी, कुठेही ठेवताना तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, म्हणून मी एक चिठ्ठी पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, मोठ्या अक्षरात, आणि दुसरी फ्रिजवर. तशीच करून घ्या:

डोक्याच्या मध्यावर हाड नाही. दाबू नका, तेल लावू नका.
उचलताना दोन हात. उंचावर बसवू नका.
खाणं: सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५, रात्री १०. एक वेळ जरी खाल्लं नाही तर फोन.
ढिली पडली तर हिरड्यांना मध, मग फोन.
पडली किंवा फिट आली तर आधी डॉक्टर, मग मला फोन.
डॉक्टरांचा नंबर, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, आजचं वजन.

वजनाची जागा पेन्सिलने लिहा, ते बदलत राहतं.